काटा बरोबर, केबल बरोबर, तरी वजन येईना

तळेगाव-चाकण रस्त्यावरचा एखादा वजनकाटा घ्या. बाहेर काट्यावर माल भरलेला ट्रक उभा आहे. केबिनमध्ये लाल आकडे दाखवणारा इंडिकेटर, टेबलावर जुना संगणक आणि शेजारी करकर आवाज करत छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. इंडिकेटरवरचा आकडा स्थिर झाला की तोच आकडा संगणकाच्या पडद्यावर आपोआप उमटतो. ऑपरेटर गाडीचा नंबर टाकतो आणि तीन प्रतींची पावती निघते. रोजचं काम आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

मग एखाद्या शुक्रवारी सकाळी हे सगळं अडतं. पिंपरी-चिंचवडच्या या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार. बुधवारी रात्री मेन स्विच बंद होतो आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला पुन्हा चालू होतो. इंडिकेटर १८,४६० किलो दाखवतोय आणि पडद्यावर मात्र शून्य.

‘‘दादा, काटा दिसत नाहीये कॉम्प्युटरवर.’’

‘‘केबल काढून परत लाव.’’

केबल काढून परत लावली. दुसरी केबल लावून पाहिली. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर शून्यच. मागे गाड्यांची रांग वाढत चालली आहे. संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं होतं, ते ऑपरेटरने एफ-१ दाबून पुढे ढकललं. कोपऱ्यातलं घड्याळही १ जानेवारी दाखवतंय, तेही कितीतरी वर्षांपूर्वीची. पण वजनाचा आणि तारखेचा काय संबंध, असं वाटून तिकडे कुणी पाहिलेलं नाही.

संबंध आहे, आणि अगदी थेट आहे. पण तो विंडोजमध्ये शोधून सापडायचा नाही, कारण जे बिघडलं ते विंडोज सुरू होण्याआधीच बिघडलेलं आहे.

बटण दाबल्यानंतरचे पहिले काही सेकंद

संगणकाचं बटण दाबलं त्या क्षणी प्रोसेसरला काहीच माहीत नसतं. हार्ड डिस्क आहे की नाही, कीबोर्ड कुठे जोडला आहे, मेमरी किती आहे, यातलं काहीही नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं की सुरू झाल्यावर एका ठरलेल्या पत्त्यावर जायचं आणि तिथे लिहिलेली पहिली सूचना पाळायची. त्या पत्त्यावर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये एक प्रोग्राम कायमचा साठवलेला असतो. यंत्राच्या अंगातच बसवलेल्या अशा प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. वीज गेली तरी तो पुसला जात नाही.

आयबीएमने १९८१ च्या ऑगस्टमध्ये पहिला पीसी बाजारात आणला तेव्हापासून या फर्मवेअरला बायोस म्हटलं जातं. गेल्या दीड-दोन दशकांतल्या संगणकांत त्याची जागा यूईएफआय नावाच्या नव्या रचनेने घेतली आहे. पण दुकानदार, मेंटेनन्सवाले आणि आपण सगळेच अजूनही बायोस म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

हे फर्मवेअर आधी मेमरी तपासतं, कीबोर्ड शोधतं, पडदा चालू करतं आणि बोर्डावरची पोर्टं तयार करतं. त्यानंतरच विंडोजला हाक मारतं. या मधल्या काही सेकंदांत एक ठराविक कळ दाबली तर फर्मवेअर थांबतं आणि आपला सेटिंगचा पडदा दाखवतं. जोडून घेतलेल्या संगणकांवर ही कळ बहुतेक वेळा डिलीट असते. डेलवर एफ-२, एचपीवर एफ-१० आणि लेनोवोच्या ऑफिसच्या संगणकांवर एफ-१ असते. कळ एकदाच दाबून भागत नाही. बटण दाबल्याबरोबर ती थांबून थांबून दाबत राहावी लागते.

आत गेल्यावर ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’, ‘ऑनबोर्ड डिव्हाइसेस’ किंवा ‘सुपर आयओ कॉन्फिगरेशन’ अशा नावाचं एक पान सापडतं. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, आतला मजकूर साधारण तोच असतो. आपल्या काट्याचं उत्तर याच पानावर आहे.

पत्ता आणि घंटा

इंडिकेटरची केबल संगणकाच्या मागे ज्या पोर्टात बसते, ते सिरियल पोर्ट. या पानावर ‘सिरियल पोर्ट १’ अशी ओळ असते आणि तिच्यासमोर ‘३एफ८, आयआरक्यू ४’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिल्यांदा पाहणारा इथेच बिचकतो आणि बाहेर पडतो. पण यात दोनच गोष्टी आहेत, आणि त्या समजायला इस्पितळातला वॉर्ड पुरेसा आहे.

वॉर्डमध्ये प्रत्येक खाटेला नंबर असतो. डॉक्टर ‘चौथ्या खाटेला सलाईन लावा’ म्हणाले की नर्स बरोबर तिथे जाते. पोर्टाचा पत्ता म्हणजे हा खाटेचा नंबर. प्रोसेसरला सिरियल पोर्टाकडे अक्षर पाठवायचं किंवा तिथून घ्यायचं असलं की तो या नंबरावर जातो. ३एफ८ हा आकडा सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीने लिहिलेला आहे, म्हणून त्यात अक्षर दिसतं. आपल्या नेहमीच्या मोजणीत तो १०१६ होतो.

आता दुसरी गोष्ट. एखाद्या रुग्णाला काही हवं असेल तर नर्सला कसं कळायचं? एक मार्ग म्हणजे तिने सतत सगळ्या खाटांवरून फिरत विचारत राहायचं. त्यात तिचं दुसरं काहीच काम होणार नाही. म्हणून प्रत्येक खाटेशी घंटेचं बटण असतं आणि नर्सच्या टेबलावर दिवा लागतो. घंटा वाजली की ती हातातलं काम थांबवते, त्या खाटेकडे जाते, काम उरकते आणि परत येऊन अर्धं राहिलेलं काम पुढे चालू करते. आयआरक्यू म्हणजे ही घंटा. काट्याच्या इंडिकेटरकडून एक अक्षर आलं की सिरियल पोर्ट चार नंबरची घंटा वाजवतं आणि प्रोसेसर येऊन ते अक्षर उचलतो.

आता समजा एका खाटेची घंटाच तोडलेली आहे. रुग्ण बटण दाबतोय, नर्स टेबलाशी बसलेली आहे, दोघंही ठणठणीत आहेत, पण निरोप पोचत नाही. किंवा दोन खाटांच्या घंटा एकाच दिव्याला जोडल्या आहेत. दिवा लागतो, नर्स नेहमीच्या खाटेकडे जाते, तिथे काहीच नको असतं, आणि दुसरा रुग्ण वाट पाहत राहतो. जुन्या पीसीत नेमकं हेच व्हायचं. ठरीव रचनेत पहिल्या आणि तिसऱ्या सिरियल पोर्टाला चार नंबरची घंटा, आणि दुसऱ्या व चौथ्याला तीन नंबरची. तिसऱ्या पोर्टावर मोडेम बसवला की पहिल्यावरचा माऊस अडकायचा, ही ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणक जोडले त्यांची ठरलेली डोकेदुखी.

घंटा वाटून घ्यायची वेळ का यायची? तर घंटाच मोजक्या होत्या म्हणून. १९८१ च्या पीसीत घंटा सांभाळणारी इंटेलची ८२५९ ही एकच चिप होती आणि तिला आठ तारा होत्या. १९८४ च्या पीसी एटीमध्ये दुसरी चिप आली. पण एक तार दोन चिपा जोडण्यात गेली आणि हातात पंधराच उरल्या. त्यातल्या घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांच्या आधीच ठरलेल्या. आजच्या संगणकात घंटांची ही टंचाई राहिलेली नाही. तरीही जुन्या पद्धतीची सिरियल आणि प्रिंटरची पॅरलल पोर्टं त्याच जुन्या नंबरांवर बसतात, कारण त्यांच्यासाठी लिहिलेली सॉफ्टवेअरं त्याच नंबरांवर शोधायला जातात.

एंटर दाबल्यावर आत काय घडतं

ही पोर्टं सांभाळणारी वेगळी चिप बोर्डावर असते, तिला सुपर आयओ म्हणतात. विनबाँड, नुवोटन, आयटीई अशी नावं तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेली दिसतात. तिच्या पोटात सिरियल पोर्टं, पॅरलल पोर्ट, जुन्या पद्धतीचा कीबोर्ड-माऊस आणि बऱ्याचदा पंख्यांचा वेग मोजण्याची सोयही असते.

सेटअपमध्ये आपण ‘३एफ८, आयआरक्यू ४’ निवडतो, सेव्ह करतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. तेव्हा फर्मवेअर या चिपशी एक छोटासा संवाद करतं. विनबाँडच्या चिपेचं उदाहरण घेऊ. फर्मवेअर २ई या पत्त्यावर ८७ हा आकडा लागोपाठ दोनदा लिहितं. ही कुलूप उघडण्याची खूण. मग सात नंबरच्या कप्प्यात २ लिहितं, म्हणजे ‘आता पहिल्या सिरियल पोर्टाबद्दल बोलतोय’. मग ६० नंबरच्या कप्प्यात ०३ आणि ६१ मध्ये एफ८. पत्ता पूर्ण झाला. ७० मध्ये ०४, ही घंटा. शेवटी ३० नंबरच्या कप्प्यात १ लिहितं, म्हणजे पोर्ट चालू. एवढं झालं की ते पोर्ट अस्तित्वात आलं.

त्या शेवटच्या कप्प्यात १ ऐवजी ० गेला तर? संगणकाच्या मागे नऊ पिनांचं कनेक्टर दिसत राहतं, केबल त्यात घट्ट बसते, स्क्रूही आवळले जातात, पण विंडोजच्या दृष्टीने तिथे काहीच नसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टाची ओळसुद्धा दिसत नाही. आपल्या काट्याच्या संगणकावर हेच झालेलं आहे. त्याचं वजन येत होतं ते दुसऱ्या सिरियल पोर्टावर. हे पोर्ट बोर्डाच्या आतल्या पिनांवरून पट्टी काढून मागे आणलेलं होतं, आणि कुणीतरी काही वर्षांपूर्वी ते सेटअपमध्ये जाऊन हाताने चालू केलेलं होतं. कारखान्यातून बोर्ड आला तेव्हा ते बंद होतं. शुक्रवारी सकाळी ते पुन्हा बंद झालं. का, ते पुढे येतंच आहे.

वेग इथे शोधू नका

भोसरी, चाकण, तळेगावच्या वर्कशॉपांमध्ये सिरियल पोर्टाचं दुसरं मोठं काम म्हणजे सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवर प्रोग्राम चढवणं. तळेगावात २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, पुढच्याच वर्षी चाकणला फोक्सवॅगनचा. त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहान युनिटांनी मशिनं घेतली, काहींनी सेकंडहँड घेतली. त्यातल्या जुन्या कंट्रोलवर पंचवीस पिनांचं आरएस-२३२ कनेक्टर असतं आणि संगणकावर नऊ पिनांचं. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं. इतक्या जुन्या पद्धतीवर आजही धातू कापला जातो, याचं मला खरोखर कौतुक वाटतं. जुन्या फॅनुक कंट्रोलची मेमरी तर कागदी टेपच्या मीटरमध्ये मोजलेली असते. ३२० मीटर म्हणजे साधारण १२८ किलोबाइट. साच्याचा मोठा प्रोग्राम तेवढ्यात मावत नाही, म्हणून संगणकावरून थोडा थोडा पाठवत कापत जायचं. त्याला शॉप फ्लोअरवर ड्रिप फीड म्हणतात.

इथे नवशिका हमखास एक गल्लत करतो. प्रोग्राम चढत नसला की तो बायोसमध्ये जाऊन वेग शोधतो. तो तिथे नसतोच. बायोस फक्त एवढंच ठरवतं की पोर्ट आहे की नाही, त्याचा पत्ता कोणता आणि घंटा कोणती. सेकंदाला किती बिट पाठवायचे, एका अक्षरात किती बिट, तपासणीचा बिट सम की विषम, शेवटी थांबण्याचे बिट किती, हे दोन्ही टोकांच्या सॉफ्टवेअरने आपसात ठरवायचं असतं. फॅनुकवर ४८०० किंवा ९६०० चा वेग, सात बिट, सम पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट ही मांडणी नेहमी भेटते. मशीनवर एक आणि संगणकावर दुसरंच असेल, तर पडद्यावर कचरा अक्षरं येतात किंवा अलार्म येतो. पोर्ट बंद असेल तर मात्र काहीच येत नाही, सॉफ्टवेअर पोर्ट उघडतानाच तक्रार करतं. कचरा आला तर दोन्ही टोकांची मांडणी जुळवा, पोर्टच सापडत नसेल तर सेटअपमध्ये जा. एवढा फरक ओळखता आला तरी अर्धा दिवस वाचतो.

वेगाचा हिशोबही सोपा आहे. सुरुवातीचा १, अक्षराचे ७, तपासणीचा १ आणि शेवटचे २ मिळून एका अक्षराला ११ बिट लागतात. ९६०० ला ११ ने भागलं की सेकंदाला सुमारे ८७२ अक्षरं. दहा लाख अक्षरांचा प्रोग्राम जायला एकोणीस मिनिटं लागतात. मशीन मधेच थांबून पुढच्या ओळीची वाट पाहतंय असं दिसलं, तर दोष मशीनचा नसून हा हिशोब आड येत असतो.

पोर्ट सेटअपमध्ये चालू आहे, विंडोजमध्ये दिसतंय, तरी पलीकडे काही जात नाही, अशी शंका आली तर एक स्वस्त चाचणी आहे. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिना एका तारेने जोडा आणि टर्मिनलच्या प्रोग्राममध्ये हँडशेक बंद ठेवून काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत पडद्यावर आलं तर पोर्ट जिवंत आहे, दोष केबलमध्ये किंवा मशीनकडे. नाही आलं तर पोर्ट बहुधा जळालेलं आहे. संगणकाचं आणि मशीनचं अर्थिंग वेगळं असलं की चालू स्थितीत केबल खुपसताना असं होऊ शकतं. म्हणून ही केबल लावता-काढताना दोन्ही बाजू बंद ठेवाव्यात.

प्रिंटरचं पंचवीस पिनांचं पोर्ट

पॅरलल पोर्टाचा पत्ता बहुधा ३७८ आणि घंटा सातवी. त्याच्या ओळीत आणखी एक पर्याय असतो, तो म्हणजे मोड. जुना साधा मोड एसपीपी किंवा नॉर्मल या नावाने दिसतो. त्यात संगणकाने पाठवायचं आणि प्रिंटरने घ्यायचं, एवढंच. पुढे स्कॅनर आणि झिप ड्राइव्हसारखी उपकरणं याच पोर्टावर आली, त्यांना दोन्ही बाजूंनी वेगाने बोलायचं होतं. त्यासाठी ईपीपी आणि ईसीपी हे मोड आले आणि १९९४ साली आयईईई १२८४ या मानकात एकत्र बसवले गेले. ईसीपीला तर घंटेशिवाय डीएमए नावाचा स्वतंत्र मार्गही लागतो, बहुधा तीन नंबरचा. या मार्गाने प्रोसेसरला मधे न घेता माहिती थेट मेमरीतून पोर्टाकडे जाते.

चलन आणि गेटपास छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्सला यातलं काही लागत नाही. त्याने अर्धी ओळ छापून थांबायला सुरुवात केली आणि केबल ठीक असेल, तर मोड नॉर्मलवर आणून पाहावा.

चौकट: सेटअपमध्ये हे आकडे दिसतील

पहिलं सिरियल पोर्ट: पत्ता ३एफ८, घंटा ४.
दुसरं सिरियल पोर्ट: पत्ता २एफ८, घंटा ३.
तिसरं: ३ई८, घंटा ४. चौथं: २ई८, घंटा ३.
पॅरलल पोर्ट: पत्ता ३७८, घंटा ७. दुसरा पर्याय २७८, घंटा ५.
‘ऑटो’ म्हणजे पत्ता फर्मवेअर स्वतः निवडेल. ‘डिसेबल्ड’ म्हणजे पोर्ट बंद. जुन्या सॉफ्टवेअरसाठी ऑटोवर न सोडता आकडा स्वतः निवडलेला बरा.

तारखेचा आणि वजनाचा संबंध

आता शुक्रवारकडे येऊ. १९८१ च्या पीसीत असे पर्याय बोर्डावरची छोटी बटणं वरखाली करून ठरवायचे. १९८४ च्या एटीमध्ये ती माहिती एका लहानशा मेमरीत ठेवायची सोय आली. मोटोरोलाची घड्याळाची चिप होती, तिच्यात ६४ बाइट जागा होती. १४ बाइट घड्याळाला, उरलेल्या ५० मध्ये सेटिंग. सीमॉस नावाच्या, अतिशय कमी वीज खाणाऱ्या पद्धतीने ही चिप बनवलेली होती, म्हणून त्या मेमरीलाच लोक सीमॉस म्हणू लागले. घड्याळ आणि सेटिंग एकाच चिपेत, एकाच सेलवर. तारीख आणि पोर्ट एकाच सकाळी का बिघडतात, ते इथे कळतं.

तो सेल म्हणजे बोर्डावर दिसणारी चपटी, रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी. नंबर सीआर २०३२. म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. संगणक बंद असला तरी भिंतीवरचा स्विच चालू असेल, तर ही मेमरी मुख्य विजेवर जगते आणि सेल जवळपास खर्च होत नाही. जिथे रोज रात्री मेन स्विचच पाडला जातो, तिथे सारा भार सेलवर येतो आणि तो लवकर संपतो. कारखान्यातल्या गेटवरचे संगणक नेमके असेच वापरले जातात. सुट्टीचा एक सबंध दिवस वीज नसली की थकलेला सेल तिथेच मान टाकतो.

वीज परत आल्यावर फर्मवेअर त्या मेमरीतल्या आकड्यांची बेरीज करतं आणि तिथेच साठवलेल्या बेरजेशी ताडून पाहतं. जुळली नाही तर त्याला कळतं की या आकड्यांवर भरवसा ठेवता येणार नाही. मग ते कारखान्यातून आलेली मूळ सेटिंग लावतं आणि पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असं सांगून एफ-१ दाबायला सांगतं. ऑपरेटरने पुढे ढकललेला संदेश तो हाच. मूळ सेटिंगमध्ये दुसरं सिरियल पोर्ट बंद, म्हणून वजन शून्य.

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी संगणकाची वायर भिंतीतून काढून सेल बदला. घड्याळवाल्याकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मिळतो, अधिकची खूण असलेली बाजू वर ठेवायची. मग सेटअपमध्ये जाऊन तारीख लावा आणि दुसरं पोर्ट २एफ८, आयआरक्यू ३ वर चालू करा. फक्त दुसरी पायरी केली तर पुढच्या सुट्टीनंतर हाच खेळ पुन्हा. बऱ्याच नव्या बोर्डांवर सेटिंग फ्लॅश मेमरीत राहते. तिथे सेल संपला तर तारीख जाते, पोर्टं शाबूत राहतात.

यूएसबीचं वेगळं आहे

१९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं ते या पत्ता-घंटेच्या कटकटीला कंटाळूनच. यूएसबीच्या प्रत्येक उपकरणाला जोडल्याबरोबर एक नंबर दिला जातो, एका कंट्रोलरवर १२७ पर्यंत. तो संगणक स्वतः देतो. पत्ता आणि घंटा फक्त कंट्रोलरला लागते, आणि तीही आपोआप ठरते. म्हणून सेटअपमध्ये यूएसबीसमोर ३एफ८ सारखे आकडे दिसत नाहीत. दिसतात ते चालू-बंदचे पर्याय आणि ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’. हा पर्याय चालू असला की विंडोज येण्याआधीही यूएसबीचा कीबोर्ड चालतो, कारण फर्मवेअर त्याला जुन्या पद्धतीच्या कीबोर्डचं सोंग देतं. तो बंद करून बाहेर पडलात आणि जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड जवळ नसेल, तर पुढच्या वेळी सेटअपमध्ये शिरणंच अवघड होऊन बसतं. मग बोर्डावरचा ‘क्लिअर सीमॉस’ जंपर शोधावा लागतो.

नव्या संगणकावर सिरियल पोर्ट दिसत नाही म्हणून लोक यूएसबीची जोड-केबल आणतात. काट्यासाठी ती बहुधा चालते. मात्र विंडोज सिरियल पोर्टांना कॉम म्हणतं, या केबलला ते कॉम ७ किंवा कॉम ११ असा नंबर देतं आणि जुनं सॉफ्टवेअर कॉम ४ च्या पुढे मोजतच नाही. तो नंबर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बदलता येतो, बायोसमध्ये नाही. डॉसच्या काळातले प्रोग्राम तर थेट ३एफ८ या पत्त्यावर जाऊन बोलतात. जोड-केबल त्या पत्त्यावर नसतेच, म्हणून तिथे तिचा उपयोग होत नाही. अशा वेळी केबलवर पैसे घालण्याआधी बोर्ड उघडून पाहा. मागे कनेक्टर नसलं तरी आत ‘कॉम’ लिहिलेल्या नऊ पिना बऱ्याच बोर्डांवर असतात. पट्टी लावली आणि सेटअपमध्ये पोर्ट चालू केलं की खरंखुरं सिरियल पोर्ट मिळतं. पट्टीची आतली जोडणी दोन प्रकारची येते, ती आपल्या बोर्डाला जुळते ना, एवढं विकत घेताना विचारावं.

बंद ठेवण्याचं कामही इथलंच

आतापर्यंत पोर्ट चालू करण्याबद्दल बोललो. बंद करणं तितकंच महत्त्वाचं आहे, आणि आपल्याकडे त्याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१० साली स्टक्सनेट नावाचा प्रोग्राम उघडकीला आला. इराणमधल्या नतांझच्या केंद्रातली युरेनियमची सेंट्रिफ्यूज यंत्रं त्याने बिघडवली. असं केंद्र इंटरनेटपासून तोडलेलं असतं, म्हणून त्याच्या पसरण्यात पेन ड्राइव्हचा मोठा वाटा होता. आपल्या वर्कशॉपवर कुणी असा हल्ला करणार नाही हे खरं. पण गाणी भरलेला पेन ड्राइव्ह मशीनच्या संगणकाला लावला आणि त्यातल्या व्हायरसने प्रोग्रामांचं फोल्डर गिळलं, हे नुकसान लहान युनिटला शिफ्टच्या शिफ्ट बसवून ठेवतं.

विंडोजमधून यूएसबी बंद करता येतं, तसं ते जाणकार माणसाला विंडोजमधूनच पुन्हा चालूही करता येतं. फर्मवेअरमध्ये बंद केलेलं पोर्ट विंडोजला दिसतच नाही. डेलसारख्या ऑफिसच्या संगणकांत पुढची आणि मागची यूएसबी पोर्टं वेगवेगळी बंद करता येतात. मागे कीबोर्ड-माऊस चालू ठेवा, पुढची बंद करा, यूएसबीवरून संगणक सुरू होण्याची सोय बंद करा आणि सेटअपला पासवर्ड लावा. पासवर्डाशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. अनेक साध्या डेस्कटॉप बोर्डांवर सेल काढून किंवा जंपर फिरवून तो पासवर्डही पुसता येतो, म्हणून कॅबिनेटला खरंखुरं कुलूप असलं पाहिजे.

याच पडद्यांवर दोन पर्याय शेजारी असतात, त्यांच्याबद्दल एकेक वाक्य. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हा पर्याय ‘पॉवर ऑन’वर ठेवला तर वीज परत आली की गेटवरचा संगणक आपोआप सुरू होतो. आणि ‘साटा मोड’ला हात लावू नका, तो एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलटा बदलला की विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होत नाही.

सेटअपमध्ये नुसतं पाहिल्याने काही बिघडत नाही. बाहेर पडताना ‘डिस्कार्ड चेंजेस’ किंवा ‘एक्झिट विदाऊट सेव्हिंग’ निवडलं की सगळं होतं तसं राहतं. म्हणून आपल्या ताब्यातल्या प्रत्येक संगणकाच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि सेल बदलल्याची तारीख कॅबिनेटच्या आत चिकटवा. आणि आयटीआय-डिप्लोमाच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांना विंडोज शिकवण्याआधी एक तास या पडद्यासमोर बसवा, एक पोर्ट बंद करून दाखवा आणि ते त्यांच्याच हातून चालू करून घ्या. या पट्ट्यातल्या शॉप फ्लोअरवर गेल्यावर त्यांना हे पहिल्याच महिन्यात लागणार आहे.